तात्यांनी विकलेली ओवी

तात्यांचा आवाज स्पीकरमधून मी पहिल्यांदा ऐकला तो वाळूजला जाणाऱ्या काळीपिवळी जीपमध्ये. मांडीवर पिशवी होती आणि पिशवीत टॉवेल, साबण, आठवड्याचे कपडे. मी आंघोळीला निघालो होतो.

हे जरा समजावून सांगायला हवं. ती दुष्काळाची वर्षं होती. मी औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि उस्मानपुऱ्यात तिघांत एक खोली करून राहत होतो. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता, आणि आलं तरी आधी घरमालकाची टाकी भरायची. माझा चुलतभाऊ, ज्याला मी दादा म्हणतो, वाळूजच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनवायच्या लाइनवर होता. त्याच्या खोलीवर पाणी बरं यायचं. म्हणून शनिवार आला की मी पिशवी भरायचो आणि खोलीतले दोघं म्हणायचे, "निघाले साहेब, पर्वणीला."

जीप खच्चून भरली होती. ड्रायव्हरने गाणं लावलं. आधी ढोलावर थाप पडली, मग झांजा वाजल्या, आणि मग तात्या. जरासा घोगरा आवाज, ओळीचं शेवटचं अक्षर वर उचलून टाकायची ती सवय, जणू टेकडीपलीकडच्या माणसाला हाक मारतायत. मला आधी वाटलं, तात्याच मागच्या सीटवर बसलेत. मी वळून पाहिलं. मागे कारखान्याचा निळा शर्ट घातलेली दोन पोरं पेंगत होती.

मी फारसा कोणाशी बोलणारा नाही. पण त्या दिवशी राहवलं नाही.

"हे माझे तात्या आहेत," मी ड्रायव्हरला म्हणालो.

"कौन?"

"हे गाणारे. माझे सख्खे चुलते."

तो आरशात बघून हसला. "अरे मियाँ, सबके चाचा हैं ये. सुबे की शिफ्टकू पूरे वाळूजकू इनोच उठाते."

शेजारी बसलेल्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, पिशवीतून बाहेर आलेला टॉवेल पाहिला. "मग तुमचे तात्या आता गाडीतून फिरत असतील की."

"नाही, मेंढरं राखतात."

"कशाला थापा मारता राव," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, दादाचे वडील. आमचं गाव गंगापूर तालुक्यात, कोरडवाहू बाजूला. आमच्यात मेंढरं पिढ्यान्‌पिढ्या. वडील आता दुसऱ्याच्या शेतावर कामाला जातात, पण तात्यांनी कळप सोडला नाही. आणि तात्या बिरोबाच्या ओव्या गातात. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती झेलून परत म्हणायची, मध्ये ढोल. देव कळप घेऊन निघाला, कुठं चारा मिळाला, कुठं कोणी अडवलं, अशी ती गोष्ट तासन्‌तास चालते. तात्यांची ओवी दर वेळी थोडी वेगळी असते. टँकर गावात येऊ लागले त्या वर्षी त्यांनी देवाच्या कळपालाही टँकरच्या रांगेत उभं केलं होतं आणि अख्खी जत्रा हसून लोळली होती.

दादाच्या खोलीवर पोचलो आणि दारातूनच सांगितलं. दादा बूट काढत होता. "तुला आज कळलं?" तो म्हणाला. "आमच्या सुपरवायझरची रिंगटोन हाय ती. तात्याचा आवाज आला की आम्ही हातातलं सोडून सरळ उभे राहतो, साहेब आला म्हणून."

हे गाणं सगळीकडे पसरलं होतं मोबाइलच्या दुकानांमधून. तेव्हा लोकांच्या फोनमध्ये इंटरनेट पुरायचं नाही. दुकानदाराला मेमरी कार्ड दिलं की तो दहा-वीस रुपयांत कार्ड भरून गाणी द्यायचा. त्याने ती कुठून आणली, हे कोणी विचारायचं नाही. दादाने मात्र ते मूळ जागी शोधून ठेवलं होतं. त्याने फोन माझ्यापुढे धरला. इंटरनेटवर गाणं होतं, ऐकणाऱ्यांचा आकडा मोठा होता, खाली कुठल्यातरी कंपनीचं नाव आणि 'सर्व हक्क राखीव'. चित्र होतं मेंढरांचं. पण आमची मेंढरं काळी, काटक, अंगावर धूळ. चित्रातली पांढरीशुभ्र, कापसाच्या गाठोड्यांसारखी, हिरव्यागार डोंगरावर, मागे बर्फ.

"तात्याला दाखवू नको," दादा म्हणाला. "म्हणतील, एवढं गवत कुठंय, उद्याच निघू."

गायकाचं नाव असतं तिथं लिहिलं होतं: पारंपरिक. गीतकार: पारंपरिक. संगीत: पारंपरिक.

"कोण हाय रे हा? सगळं एकटाच करतोय," दादा म्हणाला.

आम्ही खूप हसलो. तरी मला थोडं लागलं.

हे रेकॉर्डिंग आदल्या वर्षीच्या जत्रेतलं. उस्मानपुऱ्यातला एक स्टुडिओवाला मोटरसायकलवर माइक बांधून आला होता. त्याने देवळामागच्या लिंबाखाली सतरंजी अंथरली, सगळ्यांना गायला बसवलं, प्रत्येकाला फेटा बांधला, ओवी गाणाऱ्यांच्या मंडळाला एक रक्कम दिली आणि तात्यांची एका कागदावर सही घेतली. तात्यांनी त्यात काही वावगं पाहिलं नाही. त्यांच्या हिशेबात तो मेंढरं बसवण्यासारखा व्यवहार होता. आमच्याकडे शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतात. कळप रात्री त्याच्या शेतात बसतो, शेताला खत मिळतं, धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात, आणि सकाळी कळप उठून पुढच्या रानात. शेत त्याचं, मेंढरं आपली, दोघंही खूष. तात्यांनी गाणंही तसंच त्या माणसाच्या रानात एक दिवस बसवलं होतं.

गोंधळ झाला तो दादाच्या हौसेमुळे. दादाला वाटलं, आपण स्वतःच हे गाणं इंटरनेटवर टाकावं, तात्यांचा फोटो लावून, आपली काळी मेंढरं दाखवून. त्याने मेमरी कार्डवरचंच गाणं घेतलं, त्याला फोटो जोडले आणि चढवलं. मग फोन करून तात्यांना सांगितलं. तात्यांनी मेंढरांच्या तळावरच्या सगळ्यांना बोलावून एका पोराच्या फोनवर ते दाखवलं. दुसऱ्या दिवशी नोटीस आली: या व्हिडिओतला आवाज दुसऱ्या मालकाचा आहे.

दादाने ती तात्यांना वाचून दाखवली. त्याला वाटलं, तात्या शिव्या देतील. तात्यांनी दोनदा वाचायला लावलं.

"दुसऱ्या मालकाचा," ते म्हणाले. "म्हंजे मी बसवलं नाय. मी इकलंय."

त्या दिवसापासून तात्या गायचे थांबले.

मला हे काकीकडून कळलं. मी तिला फोन लावला तर रिंग वाजायच्या जागी तात्याच गाऊ लागले. ती कॉलर ट्यून होती. काकीने फोन उचलल्यावर मी म्हणालो, "काकी, तुझ्या फोनमधून तात्या गातायत."

"व्हय, दुकानातल्या पोरानं लावून दिलंय. म्हैन्याला पैसे कापतेत त्याचे."

"आणि तुला ऐकू येतं का?"

"मला कुठलं? करणाऱ्याला येतंय. घरातला माणूस गाईना, आन मी त्याचा आवाज इकत घिऊन लोकांना ऐकवायले. असली बाई कुठं पाह्यलीस का?"

मी हसलो, पण ती हसली नाही. "तुझे तात्या खरंच गाईनात रे. मेंढरामागं गुणगुणत बी नाहीत. गप बसायची बी सवय लागती माणसाला. जत्रा आली तोंडावर. तू शिकलेला हाईस, काहीतरी बघ."

मी शिकलेला होतो हे खरं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला पहिलाच. पण त्याने काय होतं ते मला तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. लोक म्हणायचे 'बघ', आणि मी 'बघतो' म्हणायचो.

दादाने त्याच्या परीने तात्यांना समजावलं होतं. "जत्रेत कंपनीचं कोण बघायला येतंय? गा की." तात्या म्हणाले, "इकलेलं मेंढरू रस्ता शोधत परत आपल्या कळपात आलं तर मी काय करतो?" दादाने तो विषय तिथंच सोडला. कारण ते आम्ही पाहिलं होतं. गंगापूरच्या बाजारात विकलेली एक मेंढी दोरी तोडून तळावर परत आली, तेव्हा तात्या तिला भर उन्हात पायी चालत नव्या मालकाकडे पोचवून आले होते. गावातल्या म्हाताऱ्यांनी सुचवलं की दुसरी एखादी ओवी म्हणा. तर तात्यांचं म्हणणं, देव तोच, चाल तीच, कळप तोच. कुठली ओळ विकलेली आणि कुठली आपली, हे मी गाता गाता कसं निवडू?

हा प्रश्न मला अजूनही फार शहाणपणाचा वाटतो, जरी त्याच्यामुळे सगळं अडलं होतं.

शेवटी मी स्टुडिओवाल्याला गाठायचं ठरवलं. तो माझ्या खोलीपासून दोन गल्ल्या सोडून होता. मी त्याच्या दारावरून तीनदा गेलो आणि तीनदा पुढे निघून गेलो. चौथ्यांदा तोच दारात उभा होता. "काय रे, पत्ता शोधतोयस का?"

स्टुडिओ म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक खोली. बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून भिंतींना गोधड्या ठोकल्या होत्या, तरी खालून गिरणीची घरघर येतच होती. "दुपारी गिरणी बंद असते तेव्हा रेकॉर्डिंग," तो म्हणाला. मला वाटलं होतं, सोन्याची साखळी घातलेला कोणी भेटेल. हा माणूस बनियनवर, हातात वायर, तोंडात स्क्रू.

मी अडखळत सगळं सांगितलं. तात्या थांबले, असं म्हटल्यावर त्याने तोंडातला स्क्रू काढला.

"थांबले म्हणजे?"

"गात नाहीत. म्हणतात, विकलंय."

"अरे देवा!" तो खुर्चीत बसला. "मी पुढचं रेकॉर्डिंग त्यांचंच धरून बसलोय. अरे बाबा, मी घेतलं ते रेकॉर्डिंग. ओवी कोण विकत घेणार? ती माझ्या आज्यालाही माहीत होती."

मग त्याने मला तो धंदा समजावला. मला आयुष्यात इतक्या आपुलकीने कोणी अर्थशास्त्र शिकवलेलं नाही. त्याने रेकॉर्डिंग करून ते पुण्याच्या एका मोठ्या कंपनीला दिलं, कारण छोट्या माणसाचं गाणं मोठ्या वेबसाइटवर तेव्हा सहजासहजी जात नसे. लोकांनी इंटरनेटवर कितीही ऐकलं तरी हाती फार थोडं येतं. बरं उत्पन्न होतं कॉलर ट्यूनमधून. पण त्यात आधी फोनकंपनी वाटा घेते, मग मध्यस्थ, मग पुण्याची कंपनी, आणि उरलेला चुरा उस्मानपुऱ्याला. "माझं घर लग्नाच्या शूटिंगवर चालतं," तो म्हणाला. "हे मी आवडतं म्हणून करतो. बायको विचारते, आवडतं ते झालं, आता कामाचं काय?"

"आणि मेमरी कार्डवाले?"

"ते कोणालाच देत नाहीत. पण त्यांच्यामुळेच गाणं वाळूजला पोचलं. आता शिव्या कुठल्या तोंडाने द्यायच्या?"

मी नावाचं विचारलं. तो ओशाळला. म्हणाला, वेबसाइटवर गायकाचा एक रकाना, गीतकाराचा एक. रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. सगळ्यांनी मिळून केलं, असा रकानाच नसतो. कंपनीतल्या कोणीतरी सगळीकडे 'पारंपरिक' टाकून मोकळं केलं. आणि तसं टाकलं की मग कोणाला काही द्यायचाही प्रश्न उरत नाही, हे त्याने स्वतःहून सांगितलं, मला ते आवडलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात आम्हाला व्यापारी कायदा शिकवणाऱ्या मॅडमना मी तास संपल्यावर विचारलं. वर्षभरात त्यांना विचारलेला तो माझा पहिला प्रश्न. त्या म्हणाल्या, तो बरोबर सांगतोय, रेकॉर्डिंग वेगळं आणि गाणं वेगळं. जत्रेत गायला तुमच्या काकांना कोणीही अडवू शकत नाही. मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पण गाणाऱ्याचेही हक्क असतात म्हणावं. नाव आणि वाटा, दोन्ही विचार. लाजू नकोस."

मी धावत येऊन तात्यांना फोन केला. सगळं सांगितलं. कायदा, मॅडम, स्टुडिओवाला. तात्या शांतपणे ऐकून म्हणाले, "बाळा, तू माझाच. तू माझ्या बाजूनंच बोलणार. इकणाऱ्याच्या घरचं कोण काय म्हणतंय त्याला किंमत नाय. घेणाऱ्यानं येऊन चार माणसांत सांगाया पायजे."

बाजाराची रीत तशीच आहे. व्यवहार मोडायचा किंवा सोडायचा तर घेणारा समोर लागतो.

त्यामुळे एका रविवारी स्टुडिओवाला आणि मी त्याच्या मोटरसायकलवर निघालो. वाळूज मागे पडलं तरी शहर काही संपेना. माळरानावर चुन्याने प्लॉट आखलेले, 'गुंतवणुकीची सुवर्णसंधी' लिहिलेल्या कमानी, कमानीपलीकडे काहीच नाही. एका विहिरीवर टँकरची रांग. मग हळूहळू नदीकडची बाजू आली आणि उसाचे पट्टे दिसू लागले. त्या वर्षी चाऱ्यासाठी बऱ्याच कळपांनी तिकडेच तळ टाकले होते. ऊस तुटला की वरचं वाढं तेवढं मेंढरांना मिळायचं.

तळावर कातरणी चालली होती. लोकर कातरायचं काम कोणी एकटा करत नाही. आज याच्या कळपाची, उद्या त्याच्या, सगळे एकमेकांना हात देतात. त्यामुळे ओवीचं सगळं मंडळ आयतं जमलेलं. रात्रपाळी करून दादाही आला होता. तात्या मांडीखाली मेंढी धरून बसले होते आणि कातर कर्रकर्र चालत होती. काळ्या लोकरीचे ढीग पडले होते.

"या पाव्हणं. चहा घ्या आधी," तात्या म्हणाले. त्यांनी कातर थांबवली नाही.

स्टुडिओवाला घोंगडीवर बसला. एक कोकरू येऊन त्याच्या बॅगेतून लोंबणारी वायर चघळायला लागलं. चहा झाला. मग तात्या म्हणाले, "हं. सांगा आता. तुमी माझ्याकडनं घेतलं काय?"

"रेकॉर्डिंग, तात्या."

"म्हंजे काय?"

"त्या दिवशी तुम्ही जे गायलात ते. त्या दिवसाचं, तेवढंच."

"आन दुसऱ्या दिवशी गाईन ते?"

"ते तुमचं. त्याला मी हात लावू शकत नाही. तुम्ही गा, रेकॉर्ड करा, पाहिजे तर दुसऱ्याला द्या. फक्त मला नाही म्हणू नका."

तात्यांचे हात थांबले. त्यांनी पुढ्यातला लोकरीचा पुंजका उचलला. "म्हंजे ही तुमी नेली."

"हो."

"आन ही?" त्यांनी मांडीखालच्या मेंढीच्या पाठीवर थाप मारली.

"ती तुमची."

"चार माणसांत सांगताय?"

"चार काय, इथं बारा-पंधरा दिसतायत."

तात्यांनी मांडी सैल केली. अर्धवट कातरलेली ती मेंढी, एका बाजूने गोटा आणि दुसऱ्या बाजूने झिपरी, उठून अशी काही पळाली की दादा तिच्यामागे धावला आणि सगळ्या तळावर हशा झाला. आमच्या मंडळातले ढोलवाले बाबा, तात्यांहून वयाने मोठे, कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे मर्दा, मग चार म्हैने आमाला का तोंड शिवून बसवलंस? माझा ढोल उंदरांनी खाल्ला असता."

चुलीजवळून काकी म्हणाली, "जाऊ द्या बाबा. घरात जरा शांतता व्हती, तेवढंच सुख."

पण मघापासून ती पदराने डोळे पुसत होती, आणि चुलीत तेव्हा धूर नव्हता.

मला मॅडमचं आठवलं. मी लाजतच नावाचा आणि वाट्याचा विषय काढला. स्टुडिओवाला म्हणाला, कंपनीला लिहून नावं दुरुस्त करून घेतो, आणि जे माझ्यापर्यंत येतं त्यातलं अर्धं मंडळाचं. पुढची रेकॉर्डिंग मंडळाच्या नावाने, तुमच्या पोराने स्वतः चढवायची, मी फक्त माइक लावीन. वाटे कसे करायचे ते सांगा.

"गाणाऱ्याचा एकेक," तात्या म्हणाले, "आन ढोलाचा एक."

"म्हणजे बाबांचा?"

"बाबाचा येगळा. ढोलाचा येगळा. कातडं काय फुकट येतंय?"

ही आमची जुनीच पद्धत. जत्रेत जे जमेल त्यात ढोलाचाही वाटा असतो, त्यातून त्याचं कातडं बदलायचं, दोर ओढून घ्यायचे. स्टुडिओवाला फोनमध्ये लिहीत होता, तो थांबला. "तात्या, तिथं प्रत्येक वाट्याला बँक खातं लागतं."

"मग काढा की ढोलाचं खातं," बाबा म्हणाले. "फोटो काढाया मी त्याला फेटा बांधून आणतो."

शेवटी ढोलाचा वाटा दादाच्या खात्यात जमा करायचं ठरलं, आणि बाबा आजही दादाला 'ढोल' म्हणूनच हाक मारतात.

मग तात्यांनी विचारलं, की हजार लोकांनी इंटरनेटवर ओवी ऐकली तर किती सुटतात. स्टुडिओवाला जरा चाचरला. "तात्या, खरं सांगू का? सगळ्यांचे वाटे जाऊन एखाद्या चहापुरते."

"एक चहा?" तात्या विचारात पडले. "जत्रेत हजार माणूस फुकट ऐकतंय, आन वर चहा आमीच पाजतो. म्हंजे ह्यो धंदा त्यापरीस बराच म्हनायचा."

नावं बदलायला फार वेळ लागला. काही ठिकाणी आता पूर्ण मंडळ लिहिलेलं आहे, काही ठिकाणी अजून 'पारंपरिक' आहे. मी कॉलेजच्या लायब्ररीतल्या संगणकावरून ईमेल करत राहिलो. पुण्याहून एक बाई फार सभ्य उत्तरं पाठवायच्या. त्यातली काही मी दोनदा वाचायचो, माझ्याशी इतक्या मानाने कोणी इंग्रजीत बोललेलं नव्हतं.

त्या वर्षीची जत्रा लहानच झाली. पाहुणे कमी, दुकानं कमी, रसवंतीवाला तर आलाच नाही. देवळाजवळ टँकर उभा होता आणि त्याच्या सावलीत पोरं बसली होती. दुपार कलल्यावर लिंबाखाली घोंगडी अंथरली गेली. तात्या पुन्हा गाणार ही बातमी सगळीकडे पोचली होती, त्यामुळे मोबाइल वर धरूनच लोक बसले होते. टँकरचा ड्रायव्हरही टपावर चढून बसला.

दादाला रजा मिळाली नव्हती. ओळ झेलणाऱ्यांत त्याची जागा रिकामी होती. तात्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्याकडे बोट केलं.

"ये, बस."

"तात्या, मला नाही येत."

"लहानपणापासनं ऐकायलास. आणखी कसं येतंय?"

मी लोकांच्या पायांमधून वाट काढत जाऊन बसलो. शेजारच्याने सरकून जागा दिली. बाबांनी ढोलाला थाप दिली. तात्यांनी तोंड उघडलं आणि पहिली ओळ फुटकीच निघाली. चार महिन्यांचा गंज होता. ते खाकरले. पलीकडे बायकांमध्ये काकी मान खाली घालून बसली होती. दुसऱ्या ओळीला आवाज थोडा सापडला. तिसरीला त्यांनी शेवटचं अक्षर वर उचललं, आणि टँकरच्या टपावरून कोणीतरी शीळ घातली.

मग देव कळप घेऊन निघाला. वाटेत कारखाने लागले, चुन्याने आखलेलं रान लागलं, तिथं कमान होती पण गवत नव्हतं. हे सगळं नवं होतं, तात्या तिथल्या तिथं घालत होते. लोक हसत होते, माना डोलावत होते. आम्ही ओळ झेलत होतो. पुढे तात्यांनी एकेका गाणाऱ्याला ओवीत घेतलं, त्याच्या बापासकट, गावासकट, ढोलालाही घेतलं. आणि मग ओळ माझ्यावर आली. उस्मानपुऱ्यात राहणारं, टॉवेल घेऊन आंघोळीला वाळूजला जाणारं कोकरू, असं काहीतरी त्यांनी म्हटलं. सगळे माझ्याकडे वळून हसायला लागले, मीही हसलो, आणि त्या नादात ओळ झेलायची राहून गेली. बाकीचे अर्ध्यात थांबले. ढोल एक थाप रिकामा वाजला.

तात्यांनी गाता गाताच माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. त्यांनी तीच ओळ पुन्हा घेतली, या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून, आणि मी येईपर्यंत शेवटचं अक्षर वर धरून ठेवलं.